दोन बिंदूंवरून रेषेचा चढ: सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं ते कुठे

अ(−३, ५) आणि ब(१, −७) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा.

दहावीच्या मुलांना मी हे उदाहरण दरवर्षी घालते आणि दरवर्षी वह्यांमधून निरनिराळी उत्तरं गोळा होतात: −३, ३, −१/३, ६, १, −१. उभं करून विचारलं तर सूत्र सगळे घडाघडा म्हणतात. म्हणजे पाठांतरात कमी नाही. गडबड होते ती सूत्र लिहिण्याच्या आधी, आणि लिहिल्यानंतरच्या एका ओळीत.

बरोबर उत्तर −३ आहे. बाकीची पाच उत्तरं कुठल्या पायरीवर जन्माला येतात ते पुढे एकेक करून सांगते. तुमचं उत्तर त्यांतलं एखादं असेल तर ती पायरी दोनदा वाचा.

अक्षरांबद्दल एक खुलासा. हल्लीच्या पुस्तकात एक्स, वाय आणि चढासाठी एम असतं. इथे मी क्ष, य आणि म लिहिलं आहे. जुन्या मराठी पुस्तकांत क्ष आणि य हेच असायचे. वहीत तुम्ही तुमच्या पुस्तकातली अक्षरं वापरा.

## पायरी १: बिंदू एकाखाली एक मांडा

प्रश्नात बिंदू एका ओळीत, शेजारी शेजारी छापलेले असतात. तसेच वाचून सरळ सूत्रात घालायला गेलं की डोळा घसरतो. म्हणून आधी हे करा:

बिंदू अ: क्ष = −३, य = ५
बिंदू ब: क्ष = १, य = −७

क्षच्या खाली क्ष आणि यच्या खाली य यायलाच हवा. यापुढची दोन्ही वजाबाकी उभी, म्हणजे रकान्यातल्या रकान्यात होते. आडवी कधीच नाही. −१ हे उत्तर आडव्या वजाबाकीतून येतं: अ बिंदूचा य वजा अचाच क्ष, म्हणजे ५ − (−३) = ८; ब बिंदूचा य वजा बचाच क्ष, म्हणजे −७ − १ = −८; आणि मग ८ भागिले −८. मांडणी उभी असेल तर ही चूक करायला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल.

कंसातली पहिली संख्या क्ष, दुसरी य. यात कधीच बदल नाही. तरी (०, ४) दिसला की काही मुलं तो क्ष-अक्षावर टाकतात. क्ष शून्य आहे म्हणजे बिंदू डावीकडे-उजवीकडे कुठेच सरकलेला नाही, तो य-अक्षावर आहे. चारने वर.

पडताळा: प्रश्नातल्या ऋण चिन्हांची संख्या मोजा, मग तुमच्या मांडणीतली मोजा. आपल्या उदाहरणात दोन आहेत. चिन्ह सुटायचं असेल तर ते बहुतेक इथे, उतरवून घेतानाच सुटतं. आणि मग पुढचं सगळं गणित बरोबर करून उत्तर चुकतं, ते जास्त लागतं.

## पायरी २: कच्ची आकृती काढा, चिन्हाचा अंदाज लिहा

ही पायरी सगळे गाळतात. पेपरला वेळ नसतो म्हणतात. वीस सेकंद लागतात.

फुटपट्टी नको, आलेख कागद नको. अधिकचं चिन्ह काढल्यासारखे दोन अक्ष काढा आणि दोन बिंदू अंदाजाने टाका. अ डावीकडे वर, म्हणजे दुसऱ्या चरणात. ब उजवीकडे खाली, चौथ्या चरणात. आता रेषेवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे जा. बोट वर गेलं तर चढ धन, खाली आलं तर ऋण, सपाट गेलं तर शून्य. आपलं बोट खाली येतंय. समासात लिहून ठेवा: ऋण.

इथे ‘चढ’ हा शब्दच थोडा घोळ घालतो. बोलण्यात चढ की उतार हे जाणाऱ्यावर ठरतं. कर्जतहून लोणावळ्याला निघालेल्या गाडीला बोरघाट हा चढ, लोणावळ्याहून परत येणाऱ्या त्याच गाडीला तोच घाट उतार. गणितात ही सवलत नाही. रेषेकडे नेहमी डावीकडून उजवीकडेच पाहायचं, आणि ‘उतार’ असेल तर त्यालाही चढच म्हणायचं, फक्त ऋण.

डावीकडचा बिंदू कोणता हे ज्याचा क्ष लहान त्यावरून ठरतं. प्रश्नात आधी कोण लिहिलाय त्यावरून नाही. आणि ऋण संख्यांत लहान-मोठं नीट बघा. −७ आणि −२ यांत लहान −७. सात मोठा दिसतो म्हणून त्याला उजवीकडे टाकलं की आकृती उलटी होते.

चिन्हाबरोबर आकाराचाही अंदाज घ्या. आपली रेषा १२ घरं खाली उतरते आणि तेवढ्यात फक्त ४ घरं उजवीकडे जाते. म्हणजे बरीच उभी आहे. चिन्ह सोडून उत्तर १ पेक्षा मोठं असणार. −१/३ असं उत्तर आलं तर ते कुठेतरी उलटं झालंय हे आत्ताच कळलं. रेषा झोपलेली असेल तर उलट: उत्तर १ पेक्षा लहान.

## पायरी ३: छेदात शून्य येतंय का ते आधी बघा

सूत्राला हात लावण्याआधी दोन्ही क्ष समान आहेत का ते पाहा. असतील तर तिथेच थांबा. रेषा उभी आहे, य-अक्षाला समांतर, किंवा खुद्द य-अक्षच. तिचा चढ ठरवता येत नाही. उत्तर म्हणून हेच वाक्य लिहायचं.

‘शून्य’ लिहायचं नाही. ‘अनंत’ही नाही.

शून्याने भागता का येत नाही, हे एकदा पटलं की गोंधळ संपतो. (३, १) आणि (३, ६) घ्या. वर जाणं ५, उजवीकडे जाणं ०. चढ विचारतो की एक घर उजवीकडे गेलं तर रेषा किती वर जाते. आणि ही रेषा उजवीकडे जातच नाही. प्रश्नच लागू होत नाही, मग उत्तर कुठून येणार?

आता (१, ३) आणि (६, ३) घ्या. इथे य समान आहेत. वर जाणं ०, उजवीकडे जाणं ५. ० भागिले ५ म्हणजे ०. रेषा आडवी, क्ष-अक्षाला समांतर, चढ शून्य. हे पक्कं उत्तर आहे. ‘चढ नाही’ असं लिहू नका, कारण त्याचा अर्थ वाचणारा दोन्ही बाजूंनी घेऊ शकतो.

सावधान: शून्य अंशात आलं तर उत्तर ०. शून्य छेदात आलं तर चढ ठरवता येत नाही. गणकयंत्राने ‘एरर’ दाखवलं म्हणून घाबरून ० लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

अंश आणि छेद दोन्ही शून्य आले तर तुम्ही एकच बिंदू दोनदा लिहिलाय. परत पायरी १.

## पायरी ४: पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरवून लिहून टाका

सूत्र असं आहे:

म = (य२ − य१) / (क्ष२ − क्ष१)

यातले १ आणि २ ही बिंदूंची ओळख आहे. अक्षराच्या पायाशी, लहान लिहायची. ते वर सरकले की ‘यचा वर्ग’ होतो आणि बरोबरीला आले की कुणीतरी दोनने गुणून मोकळा होतो.

अ ला पहिला म्हणा किंवा ब ला, उत्तर तेच येतं. हे नुसतं ऐकून सोडू नका, एकदा करून बघा:

अ पहिला धरला: (−७ − ५) / (१ − (−३)) = −१२ / ४ = −३
ब पहिला धरला: (५ − (−७)) / (−३ − १) = १२ / −४ = −३

बिंदूंची अदलाबदल केली की अंशाचं चिन्ह बदलतं आणि छेदाचंही. दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतात. पण अंशात ‘ब वजा अ’ आणि छेदात ‘अ वजा ब’ केलं तर एकच चिन्ह बदलतं: −१२ / −४ = ३. वर दिलेल्या उत्तरांतलं ३ इथून येतं, आणि मला सगळ्यांत जास्त वेळा सापडतं तेही हेच.

हे होण्याचं कारण साधं आहे. छेदाशी आल्यावर १ − (−३) पेक्षा −३ − १ करणं बरं वाटतं, दोन वजा शेजारी येत नाहीत. हात आपोआप सोप्या बाजूला वळतो. म्हणून मांडणीत बिंदूंच्या शेजारी ‘१’ आणि ‘२’ असे आकडे पेनाने लिहा आणि उदाहरण संपेपर्यंत ते बदलू नका. सोप्याची हौस असेल तर ती या पायरीवरच भागवून घ्या: ज्याची वजाबाकी सोपी जाईल तो बिंदू दुसरा ठेवा. पण अंशाला आणि छेदाला एकच क्रम.

सावधान: अंशात य, छेदात क्ष. उलटं झालं की ४ / −१२ = −१/३. ‘वर-खाली’ जाणं वर लिहायचं, ‘डावी-उजवीकडे’ जाणं खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आणखी एक भेसळ याच ठिकाणी होते. याच प्रकरणात मध्यबिंदूचं सूत्र आहे, त्यात बेरीज असते. ते डोक्यात असलं की चढातही बेरीज शिरते: (−७ + ५) / (१ + (−३)) = −२ / −२ = १. मध्यबिंदू म्हणजे दोघांची सरासरी, तिथे बेरीज. चढाला दोघांतला फरक लागतो, तिथे वजाबाकी.

## पायरी ५: किमती कंसासकट घाला

ही एक ओळ गाळू नका. परीक्षेतही नाही.

म = [(−७) − (५)] / [(१) − (−३)]

नियम असा की बिंदूतली प्रत्येक संख्या आपल्या चिन्हासकट कंसात जाते आणि मधला वजा सूत्राचा, तो वेगळा राहतो. धन संख्येला कंस दिला तरी बिघडत नाही. ऋण संख्येचा कंस गाळला तर मात्र १ − −३ असं काहीतरी दिसतं, आणि दोन वजांपैकी एक हात पुसून टाकतो. १ − ३ = −२, मग −१२ / −२ = ६. सहा हे उत्तर असं येतं.

आता अंश आणि छेद वेगवेगळे सोडवा:

अंश: −७ − ५ = −१२
छेद: १ + ३ = ४

अंशात −७ − ५ चं −२ होतं काही वेळा, आणि ‘वजा वजा अधिक’ हे कारण त्यासाठी सांगितलं जातं. ते गुणाकाराचं वचन इथे चालत नाही. दोन वजांच्या मध्ये काही नसेल तेव्हाच, म्हणजे − (−३) असं दिसेल तेव्हाच अधिक होतं. −७ − ५ म्हणजे शून्याच्या खाली सात पायऱ्यांवर उभे आहात आणि आणखी पाच उतरताय.

## पायरी ६: भागाकार करा, पण घाईने छाटू नका

−१२ / ४ = −३. इथे काही अडलं नाही. अडतं ते अशा ठिकाणी:

(६ − २) / (३ − १)

वरचा सहा खालच्या तिनाने छाटला, दोन उरले; वरचे दोन खालच्या एकाने छाटले, दोनच; २ − २ = ०. हे चूक आहे. उत्तर ४ / २ = २ आहे. वजाबाकी पूर्ण झाल्याशिवाय छाटाछाट नाही. वर एक संख्या, खाली एक संख्या, मगच भाग.

अपूर्णांक आला तर अतिसंक्षिप्त रूप द्या आणि तसाच ठेवा. ६ / ८ असेल तर ३/४. २/३ चं ०.६७ करू नका. ते २/३ नाही, त्याच्या जवळपासचं काहीतरी आहे, आणि पुढे दोन चढ समान आहेत का हे बघायचं झालं की ते आडवं येतं. ७/३ असेल तर ७/३ च. २ पूर्णांक १/३ केल्याने काही फायदा नाही, उलट पुढच्या पायरीतला ताळा अवघड होतो.

चिन्ह एकदाच, अपूर्णांकाच्या समोर. −४ / −६ म्हणजे २/३. ५ / −२ म्हणजे −५/२.

## पायरी ७: चालून बघा

ताळ्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, पायरी २ मधल्या अंदाजाशी चिन्ह आणि आकार जुळवणं. तो फुकट मिळतो. दुसरा, बिंदूंची अदलाबदल करून पुन्हा सोडवणं. पण जी चूक एकदा केली तीच दुसऱ्यांदाही होण्याची शक्यता असते, म्हणून त्यावर माझा फारसा भरवसा नाही. तिसरा मला सगळ्यांत आवडतो.

चढ −३ म्हणजे एक घर उजवीकडे, तीन घरं खाली. डावीकडच्या बिंदूपासून निघा:

(−३, ५) → (−२, २) → (−१, −१) → (०, −४) → (१, −७)

ब ला पोचलो. उत्तर बरोबर.

चढ २/३ असेल तर छेदाइतकी घरं उजवीकडे, अंशाइतकी वर: तीन उजवीकडे, दोन वर. उलट केलंत तर दुसऱ्या बिंदूला चुकवून पुढे जाल, आणि मग उत्तर तपासण्याऐवजी उगाच खोडत बसाल. संक्षिप्त रूप दिलेलं असल्यामुळे दुसरा बिंदू गाठायला अनेक उड्या लागू शकतात. निर्देशक पूर्णांक असतील तर त्या नेमक्या बिंदूवरच संपतात.

## पायरी ८: अपूर्णांक आणि अज्ञात अक्षर

निर्देशकच अपूर्णांक असतील तर एका मोठ्या अपूर्णांकात चार छोटे कोंबू नका. अंशाची वजाबाकी वेगळी करा, छेदाची वेगळी, शेवटी भागाकार. उदाहरणार्थ (१/२, −१) आणि (३, १/३):

अंश: १/३ − (−१) = ४/३
छेद: ३ − १/२ = ५/२
चढ: ४/३ ÷ ५/२ = ४/३ × २/५ = ८/१५

शेवटच्या ओळीत छेदाचा व्यस्त घ्यायचा असतो. अंशाचा नाही.

चढ देऊन एक निर्देशक विचारला असेल तरी पायऱ्या त्याच राहतात. (२, ५) आणि (६, प) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ −१/२ आहे, तर (प − ५) / (६ − २) = −१/२, म्हणजे प − ५ = −२, म्हणून प = ३. अज्ञात संख्या क्षमध्ये असेल तर ती छेदात जाते, आणि तिथे कंस हवाच. (प, १) आणि (७, ९), चढ ४: यात ८ / (७ − प) = ४. कंसाशिवाय ‘८ / ७ − प’ लिहिलं की फक्त सात छेदात राहतो आणि प बाहेर पडतो. नीट सोडवलं तर ७ − प = २, म्हणून प = ५.

मिळालेली किंमत परत घालून छेद शून्य होत नाही ना, हेही एकदा बघा.

## पायरी ९: तीन बिंदू एका रेषेत आहेत का

अ(−२, −३), ब(१, ३), क(४, ९) हे बिंदू एकरेषीय आहेत का? अब चा चढ ६ / ३ = २, बक चा चढ ६ / ३ = २.

आकडेमोड इथे संपली, पण उत्तर अजून पूर्ण नाही. ‘चढ समान आहेत’ एवढ्यावर थांबलं तर समोरचा विचारेल की मग रेषा समांतर का नाहीत? दोन वेगळ्या रेषांचे चढ समान असतील तर त्या समांतरच असतात. इथे तसं होत नाही, कारण ब बिंदू दोन्हींवर आहे. म्हणून वाक्य असं लिहा: रेषा अब आणि रेषा बक यांचे चढ समान आहेत आणि ब हा सामाईक बिंदू आहे, म्हणून अ, ब, क एकरेषीय आहेत. ‘सामाईक बिंदू’ हे दोन शब्द गाळू नका.

चौकोन समांतरभुज दाखवायचा असेल तर समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्यांचे चढ काढा. एकच जोडी समान निघाली आणि दुसरी नाही, तर तो समलंब. बिंदू मात्र दिलेल्या क्रमानेच जोडा. मधेच कर्ण काढून त्याचा चढ बाजूच्या चढाशी ताडून पाहणारे असतात.

## पायरी १०: कोन आणि मोजपट्टी

रेषा क्ष-अक्षाच्या धन दिशेशी जो कोन करते त्याचं टॅन गुणोत्तर म्हणजे चढ. कोन ३०° असेल तर चढ १/√३, ४५° असेल तर १, ६०° असेल तर √३. चढ ऋण असेल तर कोन विशालकोन असतो.

यावरून एक गैरसमज होतो. कोनमापक घेऊन आलेखावरचा कोन मोजला आणि टॅन काढला की झालं, असं वाटतं. ते फक्त तेव्हाच चालतं जेव्हा दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेतलेलं असतं. विज्ञानाच्या आलेखात ते बहुतेक वेळा नसतं.

समजा अंतर-काल आलेख आहे. आडव्या अक्षावर एक घर म्हणजे १ सेकंद, उभ्या अक्षावर एक घर म्हणजे १० मीटर. रेषा (२, ३०) आणि (६, ९०) मधून जाते. चढ = ६० / ४ = १५, म्हणजे गाडीची चाल १५ मीटर प्रति सेकंद. घरं मोजणाऱ्याला ६ / ४ = १.५ मिळतं, म्हणजे माणसाच्या चालण्याचा वेग. घरं मोजू नका, अक्षावर लिहिलेल्या किमती वाचा. आणि विज्ञानाच्या आलेखात चढाला एकक असतं, उभ्या अक्षाचं एकक भागिले आडव्या अक्षाचं. नुसतं १५ लिहून गुण पूर्ण मिळत नाहीत.

प्रयोगातल्या वाचनांवरून रेषा काढली असेल तर चढासाठी बिंदू काढलेल्या रेषेवरचे निवडा, तक्त्यातले नाही, कारण तक्त्यातला बिंदू रेषेच्या किंचित वर-खाली असू शकतो. दोन बिंदू एकमेकांपासून लांब घ्या. जवळजवळच्या बिंदूंत वाचायला अर्ध्या घराची चूक झाली तरी उत्तर फार हलतं.

रेल्वेवाले चढ कसा सांगतात तेही बघण्यासारखं आहे. बोरघाटात तो ३७ ला १ आहे: ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपल्या भाषेत (०, ०) आणि (३७, १) हे दोन बिंदू, चढ १/३७, म्हणजे साधारण ०.०२७. कोकण रेल्वे आखताना १५० ला १ ही मर्यादा ठेवली. दीडशे मोठे म्हणून कोकण रेल्वे जास्त चढाची, असं वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं. १५० छेदात आहे. १/१५० हा १/३७ च्या पावपट आहे, आणि म्हणूनच मागून जादा इंजिनं लावून गाड्या ढकलाव्या लागतात त्या बोरघाटात.

## स्वतः करून बघा, आणि चुकलात तर कुठे ते शोधा

उत्तरं झाकून सोडवा.

१. (४, −१) आणि (−२, ३). उत्तर −२/३. तुमचं −३/२ असेल तर अंश-छेद उलटे झाले. २/३ असेल तर क्रम मधेच बदलला, पायरी ४. −१/३ असेल तर −१ चा वजा हरवलाय, पायरी ५.

२. (−५, −२) आणि (−५, ६). चढ ठरवता येत नाही. ० लिहिलं असेल तर पायरी ३. आणि −४/५ आलं असेल तर छेदात −५ − (−५) चं −१० झालंय.

३. (−६, −४) आणि (−१, −४). उत्तर ०.

४. (१/४, २) आणि (−१/२, ५). उत्तर −४. −९/४ आलं असेल तर शेवटी भागाकाराऐवजी गुणाकार झाला. −१२ आलं असेल तर छेदात −१/२ − १/४ च्या जागी −१/२ + १/४ केलंय.

५. (−३, प) आणि (५, १) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ ३/४ आहे, प काढा. ७ आलं असेल तर अंशाचा आणि छेदाचा क्रम वेगळा आहे. ५ आलं असेल तर १ − प = ६ पर्यंत सगळं बरोबर होतं आणि शेवटच्या ओळीत −प = ५ लिहून वजा विसरलात. उत्तर −५. चालून बघा, चार उजवीकडे, तीन वर: (−३, −५) → (१, −२) → (५, १).